खेळाडूवरचा आरोप आणि प्रेक्षकांचा न्याय

खेळावर प्रेम करणारा माणूस आपण केवळ खेळावर प्रेम करतो असे समजत असतो. वस्तुतः त्याने आपल्या आयुष्यातील कितीतरी संध्याकाळी एखाद्या खेळाडूच्या नावावर ठेव म्हणून ठेवलेल्या असतात. त्या खेळाडूने मारलेला गोल त्याला आपलाच वाटतो, त्याची दुखापत घरातल्या माणसाच्या आजारासारखी लागते. अशा खेळाडूवर एखादी स्त्री पुढे येऊन लैंगिक अत्याचाराचा आरोप करते, तेव्हा या प्रेक्षकाला आपली ठेव बुडाल्यासारखे वाटते. पुढे जी चर्चा होते ती आरोपाची होते असे दिसते खरे. पण पुष्कळ वेळा ती त्या ठेवीचीच असते. आजच्या विषयाकडे आम्हाला या बाजूने पाहावयाचे आहे.

ही चर्चा कोठे होते हे सांगावयास नकोच. चहाच्या दुकानात होते, पारावर होते, आणि २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्यापासून दोन-अडीच तासांच्या प्रवासात तर ती पुरवून पुरवून होते. तिच्यातली वाक्ये ठरलेली असतात. एकजण म्हणतो, "एवढा मोठा खेळाडू, त्याला काय कमी होतं?" दुसरा म्हणतो, "मग इतके दिवस ती गप्प का बसली?" तिसरा टाळीची म्हण काढतो, टाळी एका हाताने वाजत नाही. समोरच्या बाकावरचा तितक्याच ठामपणे आगीची म्हण काढतो. आगीशिवाय धूर निघत नाही. दोन्ही म्हणी आपल्या भाषेतल्या जुन्या आणि मानाच्या आहेत. पण येथे दोघींचे काम एकच असते. पुरावा पाहण्याचे कष्ट वाचविणे. टाळीची म्हण तर या प्रकरणी सर्वस्वी गैरलागू आहे, कारण बळजबरी ही मुळातच एका हाताची गोष्ट असते. धुराच्या म्हणीवर विसंबून एखाद्याला तुरुंगात धाडावयाचे ठरले, तर आपल्यापैकी कोणाचीच धडगत नाही.

गेल्या काही वर्षांत जगभर गाजलेले या जातीचे प्रकरण हॉकीतलेच आहे. मात्र ती आपली मातीवरची वा हिरवळीवरची हॉकी नव्हे, कॅनडातली बर्फावरची हॉकी. आपल्याकडे क्रिकेटचे जे स्थान, ते तिकडे या खेळाचे. जून २०१८ मध्ये ऑन्टारिओ प्रांतातील लंडन या शहरी (इंग्लंडमधले लंडन वेगळे) कॅनडाच्या वीस वर्षांखालील जगज्जेत्या संघाच्या गौरवार्थ समारंभ झाला. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत संघातील अनेक खेळाडूंनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तक्रार एका तरुणीने केली. पोलिसांनी चौकशी केली आणि २०१९ च्या प्रारंभी कोणावरही खटला न भरता ती बंद केली. प्रकरण तेथेच संपले असते. परंतु एप्रिल २०२२ मध्ये तिने नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि 'हॉकी कॅनडा' या राष्ट्रीय संस्थेने तो काही आठवड्यांतच गुपचूप मिटविला. मे महिन्यात एका क्रीडावाहिनीने ही तडजोड उघडकीस आणली आणि सारा देश खडबडून जागा झाला.

लोक चिडले ते कशावर, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या रात्री नेमके काय घडले याविषयी मते दुभंगलेली होती. पण संसदेच्या समितीपुढे जी माहिती आली ती ऐकून दोन्ही पक्षांचे आईबाप सारखेच चकित झाले. संस्थेपाशी एक राखीव निधी होता. गावोगावची मुले खेळण्यासाठी जे नोंदणीशुल्क भरत, त्यातून तो उभा राहत असे. आणि १९८९ पासून नऊ लैंगिक अत्याचार प्रकरणांच्या तडजोडींपोटी त्यातून सुमारे ७६ लाख डॉलर देण्यात आले होते. आपल्या पोराच्या फीमधून असल्या तडजोडी होत असतील, याची आईबापांना कल्पनाही नव्हती. सरकारने अनुदान थांबविले, मोठमोठ्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मुख्याधिकाऱ्यांसह संपूर्ण संचालक मंडळाला जावे लागले. खेळाडूंपैकी एकाही जणावर तोवर खटला उभा राहिलेला नव्हता, हे लक्षात ठेवावे. संस्था पडली ती तिच्या स्वतःच्या लपवाछपवीने.

पोलिसांनी चौकशी पुन्हा उघडली. २०२४ च्या आरंभी पाच खेळाडूंवर आरोप ठेवले गेले. एप्रिल २०२५ मध्ये खटला उभा राहिला. ज्यूरी दोनदा बरखास्त करावी लागली आणि अखेर न्यायाधीश मारिया कॅरोचा यांनी एकट्यांनी तो चालविला. तक्रारदार तरुणीची उलटतपासणी दिवसचे दिवस चालली. २४ जुलै २०२५ रोजी पाचही जण निर्दोष सुटले. तक्रारदाराची साक्ष विश्वसनीय वाटत नाही आणि सरकारपक्षाला आरोप सिद्ध करता आलेला नाही, असा निर्णय न्यायाधीशांनी दिला.

आता रसिकांच्या दोन फळ्यांनी काय केले? एका फळीने जल्लोष केला : मुले निष्पाप ठरली, ती बाई खोटारडी. दुसरीने डोके धरले : न्यायालयेच असली, तेथे बाईला न्याय मिळणारच नाही. आमच्या मते दोन्ही फळ्यांनी निकालपत्रात नसलेल्या गोष्टी त्यात वाचल्या. फौजदारी न्यायालयापुढे प्रश्न एवढाच असतो की, वाजवी शंकेला जागा न उरेल इतक्या खात्रीने गुन्हा सिद्ध झाला काय? झाला नसेल तर आरोपी सुटतो, आणि तो अर्धामुर्धा सुटत नाही, पुरता सुटतो. त्याला पुढे जन्मभर गुन्हेगार म्हणत राहणे हा अन्याय आहे. कॅनडात तसाच, तलासरीतही तसाच. पण तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती रचलेली होती हेही सिद्ध झाले, असा अर्थ कोणत्याच देशाच्या कायद्यात होत नाही. खोटी तक्रार हा वेगळा आरोप आहे, आणि तो करणाऱ्याने तोही सिद्ध केला पाहिजे.

याच खटल्यात दोन छोट्या चित्रफिती पुढे आल्या होत्या. त्या रात्री मोबाइलवर घेतलेल्या. तिच्यात ती तरुणी, झाले ते आपल्या संमतीने झाले, असे म्हणताना दिसते. पुष्कळांना वाटले, संपले, आता आणखी काय हवे? पण तिकडच्या कायद्याप्रमाणे संमती ही त्या त्या कृत्याच्या वेळी असावी लागते. मागाहून घेतलेली पावती म्हणजे संमती नव्हे. आपल्या कायद्यातही २०१३ च्या दुरुस्तीपासून संमतीची व्याख्या स्पष्ट आहे. तिने शब्दांनी, हावभावांनी वा अन्य रीतीने त्या विशिष्ट कृत्याला निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने होकार दिलेला असला पाहिजे, आणि केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार गृहीत धरता येत नाही.

हे शेवटचे वाक्य कायद्यात सहजासहजी आलेले नाही. त्यामागे महाराष्ट्रातल्याच एका आदिवासी मुलीची कहाणी आहे. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली. आणि १९७८ मध्ये 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा ती राजी असली पाहिजे, असा एकंदर सूर होता. रात्रीची वेळ, पोलीस चौकी, आणि समोर वर्दीतले दोन पुरुष; तेथे एका मजूर मुलीने किती आरडाओरडा करावयाचा? उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून हाच प्रश्न विचारला. देशभर स्त्रियांनी मोर्चे काढले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच धरून चालावे, ही तरतूद तेव्हाची. पीडितेचे नाव छापू नये ही तरतूदही तेव्हाचीच. त्या मुलीला तिचा उपयोग झाला नाही. तिच्याच नावाने तो खटला आजही ओळखला जातो. आम्ही येथे ते घेत नाही.

"इतके दिवस गप्प का बसली?" या प्रश्नाकडे आता वळू. हा प्रश्न परगावी कोणी विचारला तर आम्ही समजू शकतो. पण डहाणू-तलासरीच्या माणसाने तो विचारावा याचे आम्हाला आश्चर्य वाटते. या मुलखात लग्नगडी नावाची पद्धत होती. लग्नाचा खर्च वारल्याने जमीनदाराकडून उचलावयाचा आणि त्यापोटी नवराबायको दोघांनी वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबावयाचे. राबणाऱ्याची बायकोही आपल्याच मालकीची, अशी समजूत अनेक जमीनदारांची होती. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. त्या बायका बोलत नव्हत्या म्हणून ते घडत नव्हते काय? त्या बोलत नव्हत्या, कारण सांगावयाचे कोणाला? ज्याच्या अंगणात राबावयाचे, ज्याच्या कणगीतून दाणा यावयाचा, त्याच्याच विरुद्ध? फिर्याद घेणारा अंमलदार उतरावयाचा तोही त्याच्याच घरी. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. त्यानंतर ज्या गोष्टी मोकळेपणी बोलल्या जाऊ लागल्या, त्या आदल्या दिवशी घडलेल्या नव्हत्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या होत्या. माणसाला तोंड फुटते ते पाठीशी कोणी उभे राहिल्यावर.

खेळात जमीनदाराच्या जागी कोण असतो ते पाहा. संघात कोणाला घ्यावयाचे हे एका माणसाच्या हाती असते. शिबिराला कोण जाणार, राखीव बाकावर कोण बसणार, शिष्यवृत्ती आणि पुढे रेल्वेतली वा पोलिसातली नोकरी कोणाला मिळणार, हे सारे त्याच्या शिफारशीवर लटकलेले असते. कॅनडातल्या ग्रॅहम जेम्स या हॉकी प्रशिक्षकाला एका प्रसिद्ध हॉकी साप्ताहिकाने १९८९ सालचा मानकरी ठरविले होते. १९९७ साली त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तो आपल्या हाताखालच्या मुलग्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या अत्याचाराचा. ती मुले अंगापिंडाने धडधाकट होती, बर्फावर कोणालाही आडवे पाडणारी होती. पण त्याच्याविरुद्ध बोलावयाचे म्हणजे हॉकी सोडावयाची, हे त्यांना माहीत होते. तेव्हा 'गप्प का बसली' हा प्रश्न स्त्रीस्वभावाचा नाही. कोण कोणाच्या मुठीत आहे याचा आहे.

आपल्या हॉकीतही हे वादळ येऊन गेले आहे. जुलै २०१० मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिक यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार हॉकी इंडियाकडे आली. कौशिक हे १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघातले खेळाडू. ते पदक आजही भारतीय पुरुष हॉकीचे शेवटचे ऑलिंपिक सुवर्ण आहे. त्यांनी आरोप साफ नाकारला आणि पद सोडले. २०२१ साली ते कोरोनाने वारले. जुन्या शौकिनांना त्यांच्याविषयी जो जिव्हाळा होता तो आम्ही समजू शकतो, आणि नाकारलेला आरोप सिद्ध म्हणून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण त्या दिवसांतील चर्चेत एक युक्तिवाद वारंवार होत असे : देशाला सुवर्ण देणारा माणूस असे करील काय? मैदानावरचे कर्तृत्व हे ना गुन्ह्याचा पुरावा आहे, ना निर्दोषत्वाचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने सर्व महासंघांना महिला खेळाडूंच्या छळाला आळा घालण्याविषयी सूचना पाठविल्या. त्या किती पाळल्या गेल्या याचा दाखला पुढे २०२३ साली मिळाला. कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्याविरुद्ध देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा महासंघात कायद्याप्रमाणे नीट घडविलेली तक्रार समितीच नसल्याचे चौकशीत दिसून आले. आरोप त्यांनी नाकारले आहेत. २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने पाच कुस्तीगीर स्त्रियांच्या तक्रारींवरून आरोप निश्चित केले. अल्पवयीन मुलीच्या नावे असलेले वेगळे प्रकरण मे २०२५ मध्ये न्यायालयाने बंद केले.

रसिकांच्या वादात सर्वांत मोठा घोळ होतो तो येथे. तिघे भांडत असतात आणि तिघांचे प्रश्न निरनिराळे असतात. तुरुंगाचा प्रश्न न्यायालयाचा, आणि त्याला लागणारा पुरावा सर्वांत कडक. संघात ठेवावे की नाही, हा संस्थेचा प्रश्न. तेथे वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही, चौकशी मात्र खरी लागते. आणि मी टाळ्या वाजवाव्यात की नाही, हा तुमचाआमचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही. कॅनडातले खेळाडू निर्दोष सुटल्यावरही तेथील व्यावसायिक संघटनेने त्यांना लगेच मैदानात घेतले नाही. त्यांचे वर्तन आपल्या शिस्तीला शोभणारे नव्हते असे म्हणून १ डिसेंबर २०२५ पर्यंत बाहेर ठेवले. हे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, पण निदान प्रश्न वेगळा आहे एवढे तिने ओळखले.

नेपाळात उलट झाले. तेथील लाडका क्रिकेटपटू संदीप लामिछाने याच्यावर २०२२ मध्ये बलात्काराचा आरोप झाला. जामिनावर सुटताच मंडळाने त्याला संघात घेतले आणि प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्कॉटलंड आणि नामिबियाचे खेळाडू मात्र सामन्यानंतर त्याच्याशी हस्तांदोलन न करताच निघून गेले. जानेवारी २०२४ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली, आणि मे महिन्यात वरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. दोन वर्षांत तो तीनदा देव आणि तीनदा दानव झाला. या सर्व काळात ती तक्रारदार मुलगी कशी जगली असेल, हा विचार गजर करणाऱ्यांच्या मनात कितीदा आला असेल?

तक्रारदाराच्या चारित्र्याची उठाठेव हा आपल्या चर्चेचा आणखी एक आवडता भाग. ती कोणाबरोबर हिंडते, कपडे कसले घालते, रात्री तेथे गेलीच का. पूर्वी न्यायालयातही हे चाले. बचावपक्षाला तिची वागणूक सैल होती असे दाखविता येत असे. ती तरतूद २००३ मध्ये काढून टाकण्यात आली. जो प्रश्न आता वकिलाला विचारता येत नाही, तो पारावरच्या मंडळींनी विचारावा यात कसली बहादुरी? आणि तिचे नाव वा फोटो मोबाइलवरून पुढे ढकलणे ही नुसती असभ्यता नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा बालकांच्या संरक्षणाचा कायदा लागतो. तेथे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि माहिती असून पोलिसांना न कळविणारा शिक्षेस पात्र होतो. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आपसात मिटविणाऱ्या सज्जनांनी हे कलम एकदा वाचून घ्यावे.

प्रौढ स्त्रियांसाठी २०१३ चा कायदा आहे. त्यात 'कामाचे ठिकाण' या शब्दांत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि सामन्याची वा सरावाची जागा स्पष्टपणे घातलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. संस्था त्याहून लहान असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती ती घेते. तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची असते. तक्रार केवळ सिद्ध झाली नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. ती जाणूनबुजून खोटी होती हे चौकशीत ठरले तरच करता येते. स्त्रीची इच्छा असेल तर समेट होऊ शकतो, पण पैशाच्या पायावर नाही. कॅनडातल्या त्या निधीसारखी सोय आपल्या कायद्याने बुजवून ठेवली आहे.

आपल्या तालुक्यांतून मुली आता धावण्याच्या शर्यतीला जातात, कबड्डीला, खो-खोला जातात. पालघरला, मुंबईला, पुण्याला मुक्कामी राहतात. त्यांना पाठविताना गाडी कोणती आणि डबा कोणाचा हे आपण विचारतो. बरोबर एखादी शिक्षिका वा आई आहे काय, मुक्कामाच्या खोलीच्या किल्ल्या कोणापाशी आहेत, मालिश आणि दुखापतीचे उपचार दार उघडे ठेवून होतात काय, आणि सरांविषयीच तक्रार असेल तर ती ऐकून घेणारी, संघनिवडीत हात नसलेली बाई कोण, तिचा फोन नंबर मुलींना दिला आहे काय, हेही मंडळाच्या चिटणिसांना विचारता येते. चिटणिसांना राग आला तर येऊ द्यावा, आणि उत्तर मिळेपर्यंत मुलीचे संमतिपत्र सही न करता आपल्यापाशीच ठेवावे.